दोन घाटांच्या मधलं खोरं

मुंबईकडून येणाऱ्या लोहमार्गाला कल्याणला फाटा फुटतो. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. कसाऱ्याच्या वाटेवरचं पहिलं स्थानक शहाड. कर्जतच्या वाटेवरचं पहिलं विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. उल्हासनगरकराला दोन्ही वाटा जवळच्या. कॅम्प एकमधला माणूस शहाडला उतरतो, कॅम्प चारमधला विठ्ठलवाडीला, आणि मधलं अंतर रिक्षाचं. एकाच शहराच्या दोन अंगांनी दोन मार्ग का गेले, याचं उत्तर त्या शहरात सापडत नाही. ते पूर्वेला, चाळीस-पन्नास किलोमीटरवर आडव्या पसरलेल्या सह्याद्रीत आहे.

रेल्वे १८५३ साली ठाण्याला आली आणि १ मे १८५४ रोजी कल्याणला पोचली. तिथून पुढे इंग्रज अभियंत्यांसमोर डोंगराची सलग भिंत होती. ती चढता येईल अशा दोनच जागा त्यांनी निवडल्या: पुण्याकडे बोरघाट, नाशिककडे थळघाट. बोरघाटातून गाडी १८६३ मध्ये वर गेली, थळघाटातून १८६५ मध्ये. दोन्ही घाटांच्या पायथ्यांकडे जाणाऱ्या वाटा जिथे वेगळ्या होणं सोयीचं, ती जागा कल्याणची. म्हणजे कल्याणला जंक्शनपण दिलं ते डोंगराने. रेल्वेने त्यावर रूळ टाकले एवढंच.

आणि हे काही रेल्वेमुळे सुरू झालं नाही. या दोन घाटांच्या मधे नाणेघाट आहे. जुन्नरहून कल्याण बंदराकडे उतरणारी सातवाहनांची व्यापारी वाट ती हीच. घाटमाथ्याच्या गुहेत नागनिका राणीचा शिलालेख आहे, वर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या बंदरांच्या वर्णनात कल्याणचं नाव येतं आणि कान्हेरीच्या लेण्यांमध्ये कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दानं कोरलेली आहेत. आज नाणेघाटात ट्रेकर जातात आणि शेजारच्या माळशेज घाटातून ट्रक. जुन्नर, ओतूरकडचा भाजीपाला माळशेज उतरून, मुरबाड ओलांडून, म्हारळवरून शहाडच्या पुलापाशी येतो आणि कल्याणच्या बाजारात रिकामा होतो. बैलांच्या जागी डिझेल आलं, वाट फारशी हलली नाही.

घाटावरचं आणि घाटाखालचं समोरासमोर पाहायचं तर पौष पौर्णिमेच्या सुमाराला मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या यात्रेला जावं. इथला बैलबाजार प्रसिद्ध, तितक्याच घोंगड्याही. मेंढी कोकणातल्या ओल्या हवेत तग धरत नाही, ती घाटावरच्या कोरड्या माळांची. पण घोंगडीची खरी गरज पावसात भिजणाऱ्या खालच्या माणसाला. यात्रा जानेवारीत भरते कारण तोवर भात घरात आलेलं असतं, हातात चार पैसे असतात आणि चिखल वाळून गाडीवाटा मोकळ्या झालेल्या असतात. देवाच्या तिथीमागे हिशेब शेताचा आहे.

आता वाऱ्याकडे येऊ. जूनच्या सुरुवातीला अरबी समुद्रावरून नैऋत्येचा वारा बाष्प घेऊन येतो, सह्याद्रीला धडकतो आणि त्याला वर चढावं लागतं. वर चढलेली हवा थंड होते, थंड हवेला तेवढं बाष्प पेलत नाही. उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, माथेरानच्या डोंगरावर ५,००० च्या आसपास. माळशेज ओलांडून अहिल्यानगरला पोचेपर्यंत तो आकडा सहाशेच्या घरात येतो. एसटीच्या एका दुपारच्या प्रवासात भाताचा मुलूख संपून ज्वारी-बाजरीचा सुरू होतो, तांदळाच्या भाकरीची जागा बाजरीची भाकरी घेते आणि उतरत्या छपराच्या घरांऐवजी धाब्याची सपाट घरं दिसू लागतात. माणसांचा स्वभाव बदलतो असंही दोन्हीकडचे लोक एकमेकांबद्दल छातीठोकपणे सांगतात. त्या सिद्धांतात मी शिरणार नाही.

हाच नैऋत्येचा प्रवाह बंगालचा उपसागर आणि आग्नेय आशिया ओलांडून थेट फिलिपिन्सपर्यंत जातो. तिथे त्याला हबागात म्हणतात. फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर इलोकोस नावाचा प्रदेश आहे: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कॉर्डिलेरा पर्वत, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. अर्धं वर्ष धो धो पाऊस, अर्धं वर्ष कोरडं. भात निघाल्यावर त्याच शेतात तिथे लसूण लावतात. मासे खारवून, वाळवून ठेवतात. जमीन अपुरी म्हणून १९०६ पासून इथली माणसं हवाईच्या उसाच्या मळ्यांवर मजुरीला जाऊ लागली आणि घरी पैसे पाठवू लागली. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांमध्ये आलेल्या चाकरमान्याला हे वर्णन आपल्याच गावाचं वाटलं असतं. आणखी उत्तरेला बटानेस ही वादळांच्या तोंडावरची बेटं. तिथल्या इवातान लोकांची जुनी घरं जाड दगडी भिंतींची, गवताच्या भरघोस छपराची, आणि बायका शेतात जाताना ताडासारख्या झाडाच्या तंतूंचं लांब शिरस्त्राण घालतात. त्याला वाकुल म्हणतात. आपल्याकडच्या आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, जुन्या छायाचित्रांत बायकांच्या डोक्या-पाठीवर बांबू आणि पानांचं इरलं दिसतं, ते याच कुळातलं. वाकून काम करताना दोन्ही हात मोकळे हवेत आणि पाठ कोरडी हवी, या अडचणीला छत्री हे उत्तरच नाही.

उल्हास खोऱ्यातल्या आगरी, कुणबी आणि ठाकर घरांचं वर्ष जानेवारीला सुरू होत नसे. ते सुरू व्हायचं राबापासून. एप्रिल-मे महिन्यात रोपं टाकायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या आणि गवत थरांनी रचून, वर बारीक माती पसरून जाळायचं. तणाचं बी मरतं, राख खताला होते, आणि पहिला पाऊस पडला की त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरलं जातं. वरवर पाहता ही आडमुठी, जंगलखाऊ रीत. इंग्रजांच्या वन खात्याला तशीच वाटली, आणि फांद्या तोडण्यावर बंधनं आल्यावर ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांनी इतका गदारोळ केला की १८८० च्या दशकात सरकारला वन आयोग नेमून चौकशी करावी लागली. पण जिथे चार महिने पाऊस मातीतलं सत्त्व धुऊन नेतो, तिथे रोप पहिल्या पंधरवड्यात जोमाने उभं राहणं ही जगण्याची अट आहे. राब त्यासाठी होता.

राबाबरोबर आगोटीची बेगमी चालायची. पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नाहीत, वाटा तुटतात, सरपण भिजतं. म्हणून मे महिन्यात सुके बोंबील, जवळा, सोडे, बांगडे घरात येत. मिरच्या कांडून मसाला, चिंच, मीठ, लाकडं, गोवऱ्या सगळं रचलं जाई. लग्नंही त्याआधी उरकायची. आगरी हळदीचा दणका एप्रिल-मेमध्ये सर्वात जास्त ऐकू येतो, कारण आवणी सुरू झाली की मांडवाला माणूस मिळत नाही आणि मांडवावर छप्पर टिकत नाही.

पहिल्या जोरदार पावसात नदी-नाल्यांतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात आणि भरलेल्या भातखाचरांत शिरतात. याला वलगण म्हणतात. रात्री टॉर्च घेऊन, पूर्वी पलिते घेऊन, गावंच्या गावं बांधांवर उतरायची. ताटात वर्षातले सगळ्यात चविष्ट मासे यायचे आणि ते गाभोळीने भरलेले असायचे. त्यात अर्थातच पुढच्या पिढीचा घास होता. जाळी थोडी होती, माणसं थोडी होती आणि नद्या स्वच्छ होत्या, तोवर ते खपून गेलं.

त्याच आठवड्यांत बदलापूर आणि कल्याण स्थानकांबाहेर ठाकर, कातकरी बायका शेवळं घेऊन बसतात. जमिनीतून वर आलेला, तपकिरी-जांभळा, सुरणाच्या जातीचा हा कोंब घशाला खाजतो. त्याची खाज मोडायला सोबत काकडं नावाची आंबट हिरवी फळं विकायला ठेवलेली असतात. ज्याला ठाऊक नाही तो शेवळं घेतो, काकडं ठेवून जातो आणि रात्री पस्तावतो. मागोमाग टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोळी आणि बांबूचे कोवळे कोंब येतात. यातली एकही भाजी कुणी लावलेली नसते. साठवणीचं धान्य संपत आलेलं, नवं पीक अजून कित्येक महिने लांब, अशा अडनिड्या काळात डोंगर जे देईल ते ओळखून, सोलून, खाज काढून खाण्याचं हे ज्ञान आहे. आज सोसायट्यांमध्ये रानभाज्या महोत्सव होतात तेव्हा ज्या कौतुकाने या भाज्या वाढल्या जातात, त्यात उपासमारीचा इतिहास फारसा कुणी वाढत नाही.

भात दिवाळीच्या आसपास निघतं. पाऊस गेलेला, पाटबंधारे नाहीत, पण खाचराच्या चिकण मातीत ओल उरलेली असते. त्या ओलीवर वाल, हरभरा होतो. इलोकोसच्या लसणाचं इकडचं भावंड ते हे. वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, शेंगा, कांदे-बटाटे, अंडी, हौस असेल तर मसाला लावलेली कोंबडी भरायची, मडकं उपडं करून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालत नाहीत. भांबुर्डा हे भाताच्या रिकाम्या शेतात आपोआप उगवणारं तण, पेंढा भाताचा, शेंगा ओलीच्या, थंडी डिसेंबर-जानेवारीची. यातलं काहीही ऑगस्टमध्ये मिळत नाही.

ज्यांच्याकडे खाचर नव्हतं त्यांचं वर्ष वेगळं होतं. कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की पाड्यांवरची घरं बंद करून कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. कच्ची वीट उन्हात वाळावी लागते, म्हणून भट्टीचा हंगाम पाऊस थांबल्यावर सुरू होऊन मेअखेर संपतो. मुलांची शाळा नेमकी याच काळात असते. मुंबईचा महानगर प्रदेश ज्या विटांवर उभा राहिला, त्यांच्या वेळापत्रकात कातकरी पोराचा वर्ग कधी बसलाच नाही. हवामान संस्कृती घडवतं असं म्हणताना लोक सणांबद्दल, पदार्थांबद्दल बोलतात. भट्टीमालकाकडून आगाऊ उचल घेऊन बांधलं जाणं हाही त्याच घडणीचा भाग आहे.

एक विसंगती इथेच नोंदवायला हवी. एवढा पाऊस पडूनही मुरबाड, शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतात. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, घट्ट. भेगांमध्ये मुरेल तेवढंच पाणी त्यात राहतं, बाकीचं उतारावरून धावत समुद्र गाठतं. जे अडवलं जातं ते धरणांत. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत, आणि जलवाहिनी ज्यांच्या दारावरून जाते त्यांच्या बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात.

हाच बेसाल्ट अंबरनाथला मात्र वेगळ्या कामी आला. वालधुनीच्या काठावरचं शिलाहारांचं शिवमंदिर, शिलालेखाप्रमाणे शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, याच काळ्या दगडात कोरलेलं आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. साडेनऊशेहून अधिक पावसाळे ते नक्षीकाम झेलत आलं आहे. मऊ वालुकाश्म असता तर आज मूर्तींच्या जागी गुळगुळीत धोंडे पाहावे लागले असते.

आतापर्यंतची सगळी माणसं या पावसात जन्मलेली. पण उल्हासनगर वसलं ते पाऊस जवळजवळ न पाहिलेल्या माणसांनी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तळ होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे ९४ हजार निर्वासितांना त्याच्या बराकींमध्ये जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीचं नाव तिला मिळालं. लष्करी तळाचे पाच भाग आजही कॅम्प एक ते पाच म्हणूनच ओळखले जातात.

सिंधमधल्या हैदराबादला वर्षाला २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. तिथल्या जुन्या घरांच्या छपरांवर वारा पकडणारे चौकोनी झरोके असत आणि सगळ्यांची तोंडं नैऋत्येला. उन्हाळ्यात समुद्रावरून येणारा वारा पकडून खालच्या खोलीत सोडायचा, ही त्यांची युक्ती. तो वारा आणि आपला मोसमी वारा एकाच समुद्रावरून, साधारण एकाच दिशेने येतात. फरक इतकाच की सिंधच्या सपाट किनाऱ्यावर त्याला उचलायला डोंगर नाही, वर गरम कोरड्या हवेचं झाकण आहे, म्हणून तो पाऊस न पाडता गारवा देऊन जातो. उल्हास खोऱ्यातल्या घरांना मात्र जूनच्या आधी त्याच नैऋत्येच्या अंगाला बांबूचे किंवा गवताचे तट्टे बांधायचे असत. एकाने ज्या दिशेला घर उघडलं, त्याच दिशेला दुसऱ्याने ते बंद केलं. अशा माणसांनी १९४८-४९ चे पावसाळे लष्करी बराकींमध्ये काढले.

त्यांनी काय टाकलं आणि काय ठेवलं, हे पाहण्यासारखं आहे. पापड ठेवला. कोरड्या उष्ण मुलखात दारी आलेल्याला पापड आणि पाणी देण्याची पद्धत उल्हासनगरात टिकली, पण इथे जुलैत तळलेला वा भाजलेला पापड बोलता बोलता सादळतो. म्हणून लाटणं-वाळवणं उन्हाळ्यात आणि डबे घट्ट झाकणाचे. कमळकाकडी ठेवली, सिंधच्या तळ्यांऐवजी बाजारातून आणून. आणि झुलेलाल ठेवला. सिंधी समाजाचा हा देव पाण्याचा, माशावर आरूढ, सिंधू नदीशी बांधलेला. जुलैच्या मध्यापासून चाळीस दिवसांचं चालिहो व्रत असतं. त्या दिवसांत हिमालयातलं वितळलेलं पाणी आणि पाऊस मिळून सिंधू भरून वाहते. उल्हासनगर पाचमध्ये चालिया साहेबांचं मंदिर आहे, तिथली अखंड ज्योत फाळणीत सिंधमधून आणलेली आहे असं भाविक सांगतात. योगायोग असा की चालिहोच्या चाळीस दिवसांत उल्हासही दुथडी भरून वाहते. नदी बदलली, पण पुराचं पंचांग जुळलं. वाळवंटी मुलखातून आलेला पाण्याचा देव कोकणच्या पावसात परका ठरला नाही. शहाडच्या बिर्ला मंदिरातल्या विठोबासमोर आषाढीला रांगा लागतात, त्याही याच पावसात.

इमारतींना मात्र तसं जुळवून घेता आलं नाही. बराकींच्या जागी मजले चढले. नव्वदच्या दशकात घाईने बांधलेल्या कित्येक इमारतींत उलवा रेती वापरली गेली. खाडीतली खारी रेती, त्यात कोकणची दमट हवा, आतली सळई गंजणार हे रसायनशास्त्र अवघड नाही. २०२१ च्या मे महिन्यात अशा इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं दगावली. पावसाळा अजून सुरूही झाला नव्हता.

नदीने कारखानेही ओढून आणले. १९५६ मध्ये शहाडला उल्हासच्या काठी सेंच्युरी रेयॉन सुरू झाली. लाकडाच्या लगद्यापासून धागा काढण्याच्या या धंद्याला पाणी भरमसाट लागतं. शेजारून लोहमार्ग आणि जवळ मनुष्यबळ होतंच. बारवी धरण १९७२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाने बांधलं ते याच पट्ट्याची तहान भागवायला. पुढे उल्हासनगरने जीन्स शिवली, धुतली आणि रंगवलेलं पाणी वालधुनीत सोडलं, अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांचं पाणीही तिथेच आलं. आज शहाड-मोहने परिसरात हिवाळ्यानंतर उल्हासवर जलपर्णीची हिरवी चादर पसरते. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद तिला पोसतं. वलगणीचे मासे या पाण्यात कुठून चढणार?

आणि पूर. उल्हास राजमाचीच्या परिसरात उगम पावते आणि घाटातून झपाट्याने खाली कोसळून कर्जतच्या सपाटीवर येते. पुढे बदलापूरच्या खाली बारवी मिळते, कल्याणच्या जरा वर काळू-भातसाचं पाणी येतं आणि लगेच खाडी सुरू होते. वरून डोंगराचं पाणी आणि खालून समुद्राचं उधाण एका वेळी आलं की मधल्या पाण्याला जायला जागा नसते. ते म्हारळ, वरप, कांबा या गावांत आणि बदलापूरच्या सखल भागात पसरतं. २६ जुलै २००५ ला मुंबईच्या सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी हे खोरंही बुडालं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना रबरी होड्यांतून बाहेर काढावं लागलं.

जुनी आगरी गावठाणं पाहिली तर ती खाचरांपेक्षा हातभर का होईना उंचवट्यावर आहेत. खाचर म्हणजे बांध घातलेला उथळ हौदच. पूर आला की तो आधी तिथे थांबायचा, भाताला दोन दिवस बुडणं सोसतं, आणि उतरताना गाळ ठेवून जायचा. त्या खाचरांवर भराव घालून वसाहती झाल्या. शासनाने नदीकाठी पूररेषा आखल्या आहेत: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. बदलापूरमध्ये त्या रेषा पुन्हा मोजाव्यात, थोड्या नदीकडे सरकवाव्यात, यासाठी वर्षानुवर्षं खटपट चालू आहे.

गंमत म्हणजे या नव्या इमारतींचा तळमजला बहुधा खांबांवर मोकळा असतो. फिलिपिन्सच्या सखल भागातलं पारंपरिक घर, बहाय कुबो, असंच खांबांवर उभं असतं, खालून पुराचं पाणी जावं आणि वारा खेळावा म्हणून. बदलापूरच्या बांधकाम व्यावसायिकाच्या मनात पूर नव्हता, वाहनतळ होता. २०१९ मध्ये माणसं पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहिली आणि खाली मोटारी बुडाल्या. विमा कंपन्यांचे सर्व्हेअर पुढचा आठवडाभर त्या चिखलातून फिरत होते.